प्रेस शॉपचं बक्षीस

जबलपूर
६ जून २०११

चि. विनता,
जय भीम.

परवा तुझा फोन आला आणि मी नुसतं "हो, हो" करत बसलो. खरं सांगू का, एक अक्षर ऐकू आलं नाही. तीस वर्षं कारखान्यात लोखंडी प्रेस मशीनच्या धडधडीत काढली, कान तिथंच राहिले. फोन ठेवल्यावर तुझी काकू कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, ती विचारून राहिली होती का स्कीम बंद करू का, आणि तुम्ही हो हो म्हणून राहिले!" तेव्हा बाई, स्कीम बंद करू नको. आणि यापुढं मला पत्रच लिही. डोळे अजून शाबूत आहेत.

तुमच्या कॉलेजला आमच्या मालकांनी हे काम दिलं, आणि त्यात माझीच पुतणी आली, याचा मी शॉपमध्ये किती भाव खाल्ला ते विचारू नको. खमरियाच्या रस्त्यावर सकाळी सव्वासहाला काय तमाशा असतो ते तू मार्चमध्ये उभं राहून पाहिलं. चार-पाच कारखान्यांची माणसं एकदम निघतात, प्रत्येकाच्या बुडाखाली एकेक गाडी. चौकात अर्धा-अर्धा तास हॉर्न. आधी मालकांनी सांगून पाहिलं की गाडी घरी ठेवा, कंपनीच्या बसनं या, महिन्याला दोनशे रुपये देऊ. कोणी हललं नाही. दोनशे रुपयांत कोण हलतो? मग तू म्हणालीस की बक्षीस एकेकट्याला नको, कारखान्यातल्या एकेका खात्याला, अख्ख्या शॉपला द्या. शॉपमधला प्रत्येक माणूस महिनाभर बसनं आला तर शॉपला पंधरा हजार. एक जरी गाडी घेऊन गेटात शिरला तर सगळ्यांचं गेलं.

आमच्या प्रेस शॉपमध्ये बावीस माणसं, त्यातली अठरा आपल्या वस्तीतली, आपल्या विहारातली. आम्ही त्याच दिवशी ठरवलं, हा पैसा कोणी घरी न्यायचा नाही. विहारामागं मुलांच्या अभ्यासाची खोली अर्धी बांधून पडली आहे. भिंती आहेत, वर आभाळ. बक्षिसाचे पत्रे टाकायचे. मी विहाराचा सचिव, म्हणून हिशेब माझ्याकडं.

आता रडगाणं ऐक. मे महिना संपला आणि बक्षीस गेलं. एकवीस माणसं बसनं. एक माणूस मोपेडवर. कोण? बळीराम!

तू त्याला ओळखतेस. लहानपणी तुला खांद्यावर घेऊन ग्वारीघाटला नदी दाखवायला न्यायचा तो. भंडाऱ्याहून आम्ही दोघं एकाच दिवशी इथं आलो, एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो. माझ्या लग्नात माझ्यापेक्षा जास्त तोच नाचला. बायको वारली चार वर्षांपूर्वी, मुलगी नर्मदा, ती कुंडम गावात दिली, घरात तो आणि म्हातारी आई भागीरथाबाई. आई लकव्यानं अंथरुणाला खिळलेली, पण सांभाळायला एक बाई ठेवली आहे. तर अशा सुटसुटीत माणसाला मोपेड सोडायला काय होते? मी विचारलं, "काहून बे, बसमध्ये काटे लावलेत का?" तर हसला. "पाहू पुढच्या महिन्यात," म्हणाला. जूनच्या पहिल्या दिवशी पुन्हा मोपेडवर हजर.

आता तूच सांग, याचं काय करू?

तुझा
देवीदासकाका

*

नागपूर
१४ जून २०११

प्रिय काका,
जय भीम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं, एकदा हसायला आणि एकदा कामाला. आमच्या सरांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, तुझे काका आमच्या अर्ध्या टीमपेक्षा नीट निरीक्षण करतात.

बळीरामकाकांचं ऐकून मला आश्चर्य वाटलं नाही. प्रत्येक ठिकाणी असा एक माणूस असतोच. गाडी ही सोयीपेक्षा सवयीची गोष्ट असते, काका. त्यांना पैशाचं काही वाटत नाही, कारण पैसा त्यांच्या खिशात येणारच नाहीये. मग त्यांना वाटेल असं दुसरं काय आहे?

मला एक सुचतं. रविवारी वंदना झाली की तुम्ही देणगीदारांची नावं वाचता ना? लहानपणी मी बाबांचं नाव यायची वाट बघत बसायचे, आणि नाव आलं की मान वर करून सगळ्यांकडे बघायचे. तीच यादी वापरा. प्रेस शॉपमधून बसनं येणाऱ्या सगळ्यांची नावं वाचा, आणि शेवटी जे आले नाहीत त्यांचंही वाचा. टीका करायची नाही, टोमणा नाही. फक्त नाव. माणूस दोनशे रुपयांसाठी बदलत नाही, पण चारचौघांत नाव निघालं की बदलतो. आमच्या विषयात हे खूप ठिकाणी दिसलेलं आहे.

तुम्हाला अवघड वाटेल हे मला माहीत आहे. पण मित्र आहात म्हणूनच तुम्ही वाचा. परक्यानं वाचलं तर त्यांना राग येईल, तुम्ही वाचलं तर लाज वाटेल. आणि लाजच आपल्याला हवी आहे.

काकूंना नमस्कार. पत्रे लागले की फोटो पाठवा.

तुमची
विनता

*

जबलपूर
१९ जुलै २०११

चि. विनता,
जय भीम.

तू सांगितलंस तसं केलं. काम झालं.

जूनचंही बक्षीस पहिल्याच दिवशी गेलं होतं, म्हणून जूनच्या शेवटच्या रविवारी मी यादी घेऊन उभा राहिलो. वंदना झाली, लोक बसलेले, बाया एकीकडं, पोरं पुढं. एकवीस नावं वाचली. एकेक नाव वाचलं की टाळी. मग मी चष्मा सारखा केला आणि म्हटलं, "प्रेस शॉपला बक्षीस मिळालेलं नाही. न येणाऱ्यांत एक नाव. बळीराम." एवढंच. तू म्हणाली होतीस तसं, टोमणा नाही.

पण टोमणा मारायला बाकी लोक होतेच. मागून कोणीतरी म्हणालं, "चलो, राजासाहेबांची मोपेड महत्त्वाची, पोरांचा अभ्यास काय, होत राहील." लोक हसले. पोरंही हसली. बळीराम तिसऱ्या रांगेत बसला होता. मला वाटलं, उठून शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मीही दोन दिल्या असत्या आणि मग आम्ही चहा प्यायला गेलो असतो. तो माझ्याकडं पाहत राहिला. मग उठला, चपला हातात घेतल्या, त्या पायात न घालताच फाटकापर्यंत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसच्या थांब्यावर उभा! मी म्हटलं, "आलास ना शहाण्या!" तो म्हणाला, "आलो." तेव्हापासून रोज बसमध्ये. सगळ्यात पुढच्या सीटवर बसते, खिडकीतून पाहते, कोणाशी बोलत नाही. सुटी झाली की थांब्यावरून घरी अक्षरशः धावत जाते. पोरं हसतात त्याला. पंचावन्न वर्षांचा माणूस धावते म्हणजे हसूच येते म्हणा.

जुलैचं बक्षीस आता नक्की आहे. सगळे खूश आहेत. फक्त तुझी काकू माझ्याशी नीट बोलून नाही राहिली. ती म्हणते, "देणाऱ्याचं नाव वाचतात. न देणाऱ्याचं वाचायची रीत कोणी काढली?" मी तुझं नाव सांगितलं नाही. म्हटलं, मीच काढली.

एक विचारतो. असा अबोला किती दिवस राहते? तुमच्या पुस्तकात आहे का काही?

तुझा
देवीदासकाका

*

नागपूर
२ ऑगस्ट २०११

प्रिय काका,
जय भीम.

घाईत लिहिते आहे, माफ करा. काका, तुमच्या रस्त्यावरच्या गाड्या खरंच कमी झाल्या! सकाळी सहा ते सातच्या मोजणीत फरक स्पष्ट दिसतो. बाकीच्या शॉपमध्येही आता तुमच्यासारखी नावं वाचतात म्हणे, कोणी नोटीस बोर्डावर लावतात. सर जाम खूश आहेत. सप्टेंबरच्या सोळाला भोपाळला मोठ्या बैठकीत मला हे मांडायचं आहे. प्रेस शॉपचा किस्सा मी त्यात घातला आहे, नाव न घेता.

बळीरामकाकांचा राग जाईल. सवय झाली की माणूस विसरतो.

तुमची
विनता

*

जबलपूर
११ सप्टेंबर २०११

विनता,

हे पत्र मी चारदा लिहायला बसलो आणि चारदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो.

ऑगस्टचंही बक्षीस मिळालं. दोन महिन्यांच्या पैशात पत्रे आले, गेल्या रविवारी चढवले. मी खाली उभा राहून ओरडून राहिलो होतो, "डावीकडं घे, डावीकडं!" तेवढ्यात बळीरामची नर्मदा फाटकातून आत आली. कुंडमहून आजीला पाहायला आली होती. मला वाटलं, पाया पडायला आली. ती सरळ समोर उभी राहिली आणि दवाखान्याचा एक कागद माझ्यापुढं धरला. "काका, तुम्ही विहारात नावं वाचता ना? आता हे पण वाचा. रविवार आहे, सगळे आहेत."

मी मोठ्यानं वाचला नाही. माझी हिंमत झाली नाही. मनात वाचला. भागीरथाबाईंच्या पाठीला आणि कंबरेला जखमा. पडून पडून झालेल्या. एक हाडापर्यंत.

आता ऐक, मी काय केलं ते. सांभाळायला जी बाई होती ती डिसेंबरातच काम सोडून गेली. बळीरामनं दुसरी शोधली, भेटली नाही. तर हा माणूस तेव्हापासून काय करून राहिला होता? रोज दुपारच्या जेवणाच्या सुटीत मोपेडवर घरी. दहा मिनिटं जायला, दहा यायला. मधल्या वेळात आईची कूस बदलायची, अंग पुसायचं, लुगडं बदलायचं, दोन घास भरवायचे. स्वतः उपाशीच परत. सुटीत गेटाबाहेर जायची परवानगी नाही, पण गेटवरचा शालिग्राम त्याला गुपचूप सोडायचा. म्हणून बळीराम कोणाला बोलला नाही. बोलला असता तर शालिग्रामची नोकरी गेली असती. आणि दुसरं असं, की आईचं अंग पोरगा पुसतो हे चहाच्या टपरीवर सांगायची गोष्ट आहे का? मला तरी त्यानं काय म्हणून सांगावं? मी विचारलं होतं ते "बसमध्ये काटे आहेत का" असं.

मी नाव वाचलं आणि त्यानं मोपेड ठेवून दिली. सकाळी साडेसहाला बसमध्ये बसला की दुपारी चारला घरी. तेवढे सगळे तास म्हातारी एका कुशीवर. शेजारणीला सांगून पाहिलं त्यानं, ती पाच-सहा दिवस आली, मग तिचंही घर आहे. म्हणून तो थांब्यावरून धावत जायचा. आणि मी तुला लिहिलं की हसू येते.

माणूस धावून राहिला होता, विनता, आणि मी हसलो. तीस वर्षांचा दोस्त. त्याच्या घराच्या दोन गल्ल्या सोडून मी राहतो. एक दिवस दुपारी तिकडं डोकावलो असतो तर कळलं असतं.

दवाखान्यात गेलो. बळीराम बाकड्यावर बसला होता. मी शेजारी बसलो. तो उठून दुसऱ्या बाकड्यावर गेला.

घरी आलो तर तुझी काकू चूल पेटवत होती. तिनं मला शिव्या द्याव्यात असं फार वाटून राहिलं आहे. कोणीच देत नाही. वस्तीतले लोक तर म्हणतात, तुम्हाला काय माहीत होतं भैया, तुम्ही चांगल्यासाठीच केलं. हे ऐकलं की जमिनीत जावंसं वाटते.

डॉक्टर म्हणाले, वाचतील, पण जखम भरायला महिने लागतील. या वयात सांगता येत नाही.

तुझा दोष नाही. मी काढलं, मी वाचलं.

देवीदास

*

नागपूर
२० सप्टेंबर २०११

काका,

तुमचा दोष आहे की नाही ते मी नाही ठरवू शकत. माझा आहे, तो लिहिते.

मे महिन्यात माझे विद्यार्थी आठवडाभर तुमच्या गेटवर बसून गाड्यांचे नंबर लिहीत होते, दिवसभर. बळीरामकाकांच्या मोपेडचा नंबर त्यात रोज दिसतो. दुपारी बाराला बाहेर, साडेबाराला आत. सहाही दिवस, दोन-चार मिनिटांचा फरक. मी ते पाहिलं होतं, काका. तुम्हाला पहिलं उत्तर लिहिलं तेव्हा तो कागद माझ्या टेबलावर होता. एका विद्यार्थिनीनं विचारलंही, "मॅडम, हा माणूस रोज दुपारी कुठं जातो?" मी म्हटलं, आपल्याला सकाळची आणि संध्याकाळची गर्दी हवी आहे, दुपारचं सोडून दे. आणि तो रकाना खोडला.

तिनं विचारलेला प्रश्न मी तुम्हाला पाठवला असता तर तुम्ही दोन गल्ल्या चालून गेला असता. मी त्याऐवजी तुम्हाला यादी वाचायला सांगितलं. लाज हवी आहे म्हणाले. कुणाला हवी होती? मला. माझ्या तक्त्यासाठी.

आणखी एक आहे, ते लपवलं तर मला झोप येणार नाही. तुमचं पत्र मला चौदा तारखेला मिळालं. भोपाळची बैठक सोळाला होती. मी दोन दिवस ते पत्र पर्समध्ये घेऊन फिरले आणि सोळाला उभी राहून सगळं मांडलं. प्रेस शॉपचा किस्साही सांगितला, नाव वाचलं आणि दुसऱ्या दिवशी माणूस थांब्यावर हजर, तिथंच थांबले. लोकांना फार आवडला. हसले. टाळ्या वाजवल्या. दोन शहरांतले अधिकारी येऊन माझा नंबर घेऊन गेले.

मी आज सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, एखाद-दुसरा अपवाद असतोच, रिपोर्टमध्ये तळटीप टाकू. मी त्या दोन अधिकाऱ्यांना माझ्या नावानं लिहिलं आहे की नावं वाचू नका, आणि का वाचू नका. जखमांसकट लिहिलं. सर चिडले आहेत. चिडू देत. त्यानं भागीरथाआजींची पाठ बरी होणार नाही, ते मला कळतं.

मी पुढच्या आठवड्यात येऊ का? की तोंड न दाखवलेलंच बरं?

विनता

*

जबलपूर
३० ऑक्टोबर २०११

चि. विनता,
जय भीम.

तू आलीस, बळीरामच्या दारात उभी राहिलीस, आणि त्यानं तुला आत बोलावलं नाही. तरी तू अर्धा तास उभी होतीस. मी गल्लीच्या तोंडाशी होतो, पाहिलं. रडत गेलीस तेही पाहिलं. पुढचं तुला सांगायला हवं म्हणून लिहितो.

तू गेल्यावरच्या रविवारी मी विहारात उभा राहिलो. म्हटलं, "जूनमध्ये मी इथं एक नाव वाचलं, तो गुन्हा होता," आणि काय झालं ते सांगितलं. शालिग्रामचं नाव घेतलं नाही, आणि म्हातारीच्या अंगाचंही जास्त बोललो नाही. तेवढीही लाज त्याची काढायची नव्हती. बळीराम आलाच नव्हता. लोकांनी ऐकून घेतलं. मग एक जण म्हणाला, "झालं ते झालं, पत्रे तर लागले ना." आणि चहा आला. मी चहा न घेता घरी आलो.

मग मला सुचलं. दुसऱ्या दिवसापासून मी माझी जुनी स्कूटर काढली आणि एकटा गेटात शिरलो. रोज. आता प्रेस शॉपचं बक्षीस माझ्यामुळं जाते. नाव वाचायचंच असेल तर आता माझं वाचा, म्हणून सांगितलं. शॉपमधले तोंडावर बोलतात, म्हातारा सटकला म्हणतात. बोलू दे. बक्षीस एकदा गेलं की दुसऱ्यानं गाडी आणली काय आणि नाही काय, सारखंच. तीन दिवसांनी बळीरामची मोपेड पुन्हा स्टँडवर दिसली.

पण म्हातारी दवाखान्यातून घरी आली तरी आता जखमेला दिवसातून जास्त वेळा पाहावं लागते. सकाळ-संध्याकाळ तुझी काकू जाते, धुणं-पुसणं तीच करते. दुपारचं राहिलं. मी बळीरामच्या मशीनपाशी गेलो आणि कागदावर लिहून दिलं, कारण त्या आवाजात मला माझंच ऐकू येत नाही, "एक दिवस तू जा, एक दिवस मी जातो. तू त्या दिवशी जेव." त्यानं कागद वाचला, घडी केली, खिशात ठेवला. पंधरा दिवस काही नाही. मी रोज पाहायचो.

काल शनिवारी सुटीचा भोंगा झाला. मी डबा उघडून बसलो होतो. तो आला, माझ्या डब्याशेजारी घराची किल्ली ठेवली आणि निघून गेला. शालिग्रामनं गेट उघडलं, मी स्कूटर काढली.

भागीरथाबाई जाग्या होत्या. मला पाहून दचकल्या नाहीत. मी हात धुतले, काकूनं शिकवलं तसं चमच्यानं पाणी दिलं, पेज भरवली. अर्धी पेज उशीवर सांडली. मग मला राहवलं नाही. कान त्यांच्या तोंडाजवळ नेला आणि म्हटलं, "आई, त्या रविवारी नाव मीच वाचलं होतं."

लकव्यानं त्यांचं बोलणं जड आहे, पण कानाजवळ बोलल्या म्हणून कळलं.

"मालूम हाय," त्या म्हणाल्या. "त्यानं त्याच दिवशी सांगतलं. मी म्हटलं, तू बोलला काहून नाही? त म्हणे, देवीदासनं वाचलं आई. देवीदास वाचते त माहीच चूक असन."

मी गमछ्यानं तोंड झाकलं. त्यांनी चांगला हात हलवून माझी बाही ओढली.

"रडू नको बाप्पा," त्या म्हणाल्या. "सुटी संपन तुही. पाठीखाली हात घाल अन् कूस बदल माही. हळू. तिकडं दुखते."

मी कूस बदलली. उद्या सोमवारची पाळी त्याची, परवाची माझी.

तुझा
देवीदासकाका